लेकुरवाळ्यांची दुपार

बाळ-बाळंतिणीला बघायला आलेलं प्रत्येक माणूस निघताना दारात म्हणतं, "काही लागलं तर सांग हं." आणि बाळंतीण कधीच सांगत नाही. काय हवंय हे नेमकं सांगण्याइतकंही तिचं डोकं जागेवर नसतं, आणि सांगितलंच तर समोरचीला जड तर जाणार नाही ना, हा संकोच वेगळा. मदत करायची असेल तर काम आणि वेळ दोन्ही आपणच ठरवून सांगावं. "उद्या साडेअकराला डबा आणते. दोन भाकरी आणि शेपू. मी बसणार नाही, दारातूनच देते." याला तिने नुसतं हो म्हणायचं. कोल्हापुरात गल्लीबोळांत आणि अपार्टमेंटांत लहान बाळांच्या आयांचे गट आपसूक जमतात. त्यांतले टिकतात ते एवढ्या एका सवयीवर.

गट मोठा नको. चार ते सहा जणी पुष्कळ. बाळांच्या वयात चार-पाच महिन्यांहून जास्त अंतर असेल तर एकाच सतरंजीवर जमत नाही. रांगणारं पोर उताण्या पडलेल्या बाळाच्या डोळ्यात बोट घालतं आणि दोन तास त्यांना वेगळं करण्यातच जातात. मात्र दुसऱ्या बाळाची एखादी आई गटात असावी. पहिलटकरणींना जे संकट वाटतं ते तिने एकदा पार केलेलं असतं. घरं पाच मिनिटांच्या चालीवर हवीत. एका हातात बाळ आणि एका हातात छत्री घेऊन राजारामपुरीतून शिवाजी पेठेत पावसाळ्यात कोणी रोज जात नाही, कितीही जीव असला तरी.

वेळ दुपारी तीन ते पाच. जेवणं उरकलेली असतात, घरातली मोठी माणसं आडवी झालेली असतात आणि संध्याकाळची किरकिर सुरू व्हायला अवकाश असतो. घर कोणाचं निवडायचं? जिथे पाहुण्यांची ये-जा कमी आणि जमिनीवर गादी टाकायला जागा आहे, तिथे. चहापलीकडे काही करायचं नाही हे पहिल्याच दिवशी बोलून टाकावं. एकीने शिरा केला की दुसरीला उप्पीट करावं लागतं, तिसरीला वडे, आणि चौथी यायचीच बंद होते. आणखी दोन नियम सैल सोडू नयेत: आई, बाळ किंवा घरातलं कोणीही तापलेलं, खोकणारं, जुलाब होणारं असेल तर त्या दिवशी घरीच, आणि आत आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय दुसऱ्याच्या बाळाला हात लावायचा नाही. सहा आठवड्यांच्या आतल्या बाळाला गटात आणायचं नाही, गटातल्या एक-दोघींनीच त्याच्या आईकडे घरी जायचं. गालाची पापी कोणीच घ्यायची नाही.

डब्याचं थोडं सविस्तर. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात, असं आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) प्रमाण सांगतं. ताटात मोजायचं तर दोन मध्यम ज्वारीच्या भाकरी आणि वाटीभर घट्ट वरण. पण घरोघरी होतं काय? डिंकाचे लाडू, हळिवाचे लाडू, खारीक-खोबरं यांचे डबे फळीवर साठतात, तूप पोटात जातं आणि जेवणाच्या वेळी भाजी मात्र नसते. म्हणून गटाने लाडू मुळीच नेऊ नयेत. ते माहेरहून आणि चुलत सासूबाईंकडून येतातच. आपण पालेभाजी, मुगाचं किंवा तुरीचं वरण, उसळ, अंडी आणि मटण खाणारी असेल तर अळणी, म्हणजे मटणाचं बिनतिखटाचं पाणी, न्यावं. मटणाची अळणी आपल्याकडे घरात तांबडा-पांढरा शिजतानाच निघते, वाटीभर बाजूला काढायला कष्ट पडत नाहीत. तिखटाने दूध तिखट होतं हे खरं नाही. तिला तांबडा रस्सा झेपत असेल तर बाळाला त्याने सहसा काही होत नाही.

डबा बाराच्या आत पोचला पाहिजे. पाजत्या बाईची भूक थांबत नाही, आणि उशीर झाला की ती चहा-बिस्किटांवर भागवते. एका हाताने उघडेल असा डबा द्यावा. घट्ट क्लिपांचा टिफिन बाळ मांडीवर असताना उघडत नाही. झाकणावर आणि बुडाला नेलपॉलिशने नावाचं अक्षर काढून ठेवलं की अदलाबदल टळते. आणि एक रीत निदान सहा महिने मोडायलाच हवी, ती म्हणजे रिकामा डबा परत न देण्याची. शेजारणीच्या डब्यात काय घालून पाठवायचं या विचाराने बाळंतीण पुन्हा ओट्यापाशी उभी राहते. डबा धुऊन दाराबाहेर ठेवायचा, नेणारी रिकामा नेईल.

आता दुधाकडे. "मला दूध पुरत नाही" हे वाक्य बहुतेक वेळा संध्याकाळी ऐकू येतं. पाच ते नऊ-दहाच्या दरम्यान बरीच बाळं दर अर्ध्या तासाने छातीला लागायचं म्हणतात. ते दूध आटल्याचं लक्षण नाही. पहिल्या काही आठवड्यांत बाळ दूध वाढवून घेतं ते असंच. पण नेमक्या त्याच वेळी घरात कोणीतरी वरच्या दुधाचा विषय काढतं. मग एक बाटली जाते, तेवढं अंगावर पाजणं कमी होतं आणि आता दूध खरोखर कमी होऊ लागतं. म्हणून वाद घालण्यापेक्षा मोजावं. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट रंगाची शू होत असेल, बाळ दिवसाला ८ ते १२ वेळा पीत असेल आणि वजन चढत असेल तर दूध पुरतंय. जन्मल्यावर पहिल्या दिवसांत वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरतं, दोन आठवड्यांत भरून येतं, पुढे पहिले तीन महिने दिवसाला सरासरी २५ ते ३० ग्रॅम वाढतं. वजन एकाच काट्यावर, उघड्या अंगाने करावं. दोन वेगळ्या काट्यांवरची वजनं ताडून रडलेल्या आया कमी नाहीत. आणि शू कमी आणि गडद, बाळ सुस्त, पिण्यासाठी उठवावं लागतंय, असं दिसलं तर गटात विचारत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

स्तनाग्रांना चिरा पडल्या असतील तर बहुतेक वेळा बाळ फक्त बोंडाला लागलेलं असतं. दुसरीने शेजारी बसून बघितलं तर हे लगेच दिसतं. फोनवर कितीही समजावलं तरी कळत नाही. बाळाचं पोट आईच्या पोटाला टेकलेलं, कान-खांदा-कंबर एका रेषेत, नाक बोंडासमोर. वरच्या ओठाला बोंडाचा स्पर्श करून तोंड जांभईएवढं उघडायची वाट बघायची आणि मग बाळाला छातीकडे आणायचं. आपण वाकायचं नाही. नीट लागलं तर हनुवटी स्तनात रुतते, खालचा ओठ बाहेर वळतो आणि वरच्या बाजूचा काळा भाग खालच्यापेक्षा जास्त दिसतो. चोखण्याचा चटचट आवाज येत असेल किंवा गालांना खळ्या पडत असतील तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यात घालून पकड सोडवायची आणि पुन्हा लावायचं. ओढून काढलं की चीर वाढते. छातीत लाल, दुखरा, गरम पट्टा आला आणि ताप भरला तरी त्या बाजूने पाजणं थांबवू नये, थांबवल्याने दूध साचून दुखणं वाढतं. औषधासाठी मात्र डॉक्टरांना दाखवावंच.

गोकुळ शिरगाव, शिरोली किंवा कागलच्या एमआयडीसीत कामावर परत जाणाऱ्यांना दूध काढून ठेवावं लागतं. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या आहेत आणि ५० किंवा अधिक माणसं कामावर असतील तिथे पाळणाघराची सोय द्यावी लागते. हे अर्जात लेखी मागावं. हाताने काढायचं तर अंगठा वर, तर्जनी खाली, बोंडापासून अडीच-तीन सेंटिमीटर मागे. आधी बरगड्यांकडे दाबायचं, मग दोन्ही बोटं एकमेकींकडे, मग सोडायचं. कातडीवरून बोटं घासत नेली तर दूध कमी आणि दुखणं जास्त. खोलीत २५ अंशांच्या आत चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस ते टिकतं. कोल्हापूरच्या एप्रिल-मेमध्ये खोली २५ अंशांवर राहत नाही, तेव्हा काढल्याबरोबर फ्रीज. दारात नाही, मागच्या बाजूला. दार सारखं उघडतं. वर साय धरते, ती हलक्या हाताने फिरवून मिसळायची. गॅसवर उकळायचं नाही, कोमट पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवायची. पाजायला बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं (चोचीची लहान वाटी) बरं, रबरी बूच नसल्याने धुऊन उकळायला सोपं.

या बाबतीत गटाची एक मर्यादा स्पष्ट असावी. पाळणा, झबली, कानटोपरी, बोंडलं सगळं फिरवा. दूध काढायचा पंप फिरवू नका. घरगुती पंपांतल्या बऱ्याचशांत दुधाचा अंश नळीत आणि मोटरपर्यंत जाऊ शकतो आणि तो भाग धुता येत नाही. एकमेकींच्या बाळांना अंगावर पाजणंही तपासणीशिवाय नको. काही जंतुसंसर्ग दुधातून जातात. आणि गंगावेशीतल्या कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधाचं कौतुक आपल्याला जन्मजात असलं तरी ते वर्षाच्या आतल्या बाळासाठी नाही, उकळूनही नाही.

पाऊस लागला की गटाचा निम्मा वेळ लंगोटांवर जातो, आणि जायलाच हवा. नव्या बाळाला दिवसाला दहा-बारा लंगोट लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये एक लंगोट वाळायला दोन दिवस धरा, म्हणजे तीस-पस्तीस तरी घरात हवेत. विकत घेऊ नका. आजीच्या वापरून मऊ झालेल्या सुती नऊवारीची लांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास असते. काठ काढून ५५ सेंटिमीटरचे चौकोन पाडले, विरलेला भाग वगळला, तरी वीस-बावीस निघतात. चौकोन तिरका दुमडला की दोन पदरी लंगोट तयार. कडांना टीप मारावी, नाहीतर सुटलेला दोरा बाळाच्या बोटाला किंवा शूच्या जागी करकचून गुंडाळला जातो, आणि ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही.

शीचा लंगोट आधी थंड पाण्यात, गरम पाण्याने डाग बसतो. मग साबण, मग दोनदा स्वच्छ पाणी. राहिलेल्या साबणानेही चट्टे उठतात. जंतुनाशक द्रव आणि कपड्यांना वास आणणारं कंडिशनर दोन्ही नको. कंडिशनरने तर कापड पाणी शोषायचंच सोडतं. ज्या घरात स्पिनर आहे त्या घराने रोज एक वेळ ठरवून द्यावी, चौघींचे लंगोट वेगवेगळ्या जाळीच्या पिशव्यांत घालून पाच-पाच मिनिटांच्या दोन फेऱ्या. दुसऱ्या फेरीत निघालेलं पाणी बघितलं की पटतं. मग दोरीवर एकाशेजारी एक न खेटता, पंख्याखाली. शेवटी इस्त्री, पण अर्धवट ओल्यावर नाही. वरून गरम लागतं, शिवणीत ओल राहते, घडी घातली की दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो. शेगडीच्या धुरावर वाळवलेला कपडा धूर धरतो.

जांघेत, घडीच्या आत लालभडक चट्टा आणि भोवती बारीक ठिपके आले तर ते बुरशीचं असतं, झिंक ऑक्साइडच्या मलमाने जात नाही, डॉक्टरांनी दिलेलं मलम लागतं. पावडर मात्र कुठल्याच चट्ट्यावर नको. ती उडून बाळाच्या श्वासात जाते.

सगळ्यांत मोलाची मदत म्हणजे दीड तास झोपू देणं. बाळ सांभाळणारी आली की तिच्या हातात चिठ्ठी द्यायची: शेवटचं कधी पाजलं, शेवटचं कधी झोपलं, औषध काय आणि कधी दिलं. मोठ्या माणसामागे दोनपेक्षा जास्त बाळं नकोत. बाळ झोपलं तर पाठीवर, सपाट कडक गादीवर; उशी नाही, डोकं गोल व्हावं म्हणून ठेवलेली मोहरीची उशीही नाही. आणि आईने या दीड तासात भांडी घासायची नाहीत. हे सोपं वाटतं, पण हेच सर्वात जास्त मोडतं. सांभाळणारीने तिच्या मागे जाऊन दार लावून घ्यावं.

लसीकरणाला दोघी-दोघींनी जावं; एक बाळ धरते, एक कार्ड आणि पिशवी. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या डोसांनंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो. पॅरासिटामॉल वजनानुसार डॉक्टरांनी लिहून दिलेलंच, आणि बाटली वाचून. बाळांच्या बहुतेक थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असतं, तर साध्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२० किंवा १२५. म्हणजे थेंब चौपट तीव्र. "माझ्या बाळाला अडीच मिली दिलं होतं" हा सल्ला इथेच घात करतो. औषधाचं माप गटात कधीच विचारायचं नाही आणि सांगायचं नाही.

सहा महिने पुरे व्हायच्या आधी पाणी, गुटी, मध काही नको. मध तर वर्ष होईपर्यंत नको, त्यातल्या जंतूंनी बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. काजळ, नाकात तेल, धुरी यांवर सुनेने सासूबाईंशी वाद घालण्यात अर्थ नाही. आशाताई घरी येतात (दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी) तेव्हा सासूबाईंना समोर बसवून त्यांच्याकडूनच वदवून घ्यावं. धुरीऐवजी अंगाला तेल लावायचं काम सासूबाईंकडे द्यावं. मान राहतो आणि बाळाच्या छातीत धूर जात नाही.

सहा महिन्यांनंतर द्यायचं नाचणी सत्त्व मेअखेर करून ठेवायला हवं, पावसात मोड आलेलं धान्य वाळत नाही, बुरशी धरते. चार बाळांना महिनाभर दोन किलो पुरते. बारा तास भिजत, मग फडक्यात बांधून २४ तास, मोड दिसले की पसरून खडखडीत वाळवणं, मंद भाजणं, दळणं, वस्त्रगाळ. मोड आणल्याने पेज पातळ राहते आणि त्याच वाटीत जास्त पीठ मावतं, म्हणजे लहान पोटात जास्त ताकद जाते. एक चमचा पिठाला पाऊण वाटी पाणी, गुठळी मोडत सात-आठ मिनिटं. चमचा तिरका केला तर पेज घरंगळून जाऊ नये. मीठ-साखर बाळ वर्षाचं होईपर्यंत नाही. नुसत्या नाचणीवरही थांबू नये. मऊ वरण-भात, तूप, अंडं, कुस्करलेली भाजी त्याच महिन्यात सुरू व्हावी.

बाळंतपणानंतर पहिले दोन आठवडे उगाच रडू येतं, ते बहुतेकींचं ओसरतं. दोन आठवड्यांपुढेही रडू, बाळ झोपलं तरी आपल्याला झोप नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही असं चाललं असेल तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. "बाळ कसंय" हे सगळे विचारतात. गटातल्या एकीने "तू काल किती झोपलीस" हे विचारायचं. तिने स्वतःला किंवा बाळाला काही करून घेण्याचं बोलून दाखवलं तर तिला एकटी सोडायचं नाही, घरच्यांना सांगायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

जुलैत गटाच्या फोनवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज येते. इशारा ३९ फुटांना, धोका ४३ फुटांना. २०१९ मध्ये उपसा केंद्रं पाण्याखाली गेल्याने जिथे पूर आला नव्हता तिथलेही नळ कोरडे होते आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद होता. तेव्हा शुक्रवार पेठ, सुतारवाडा, बापट कॅम्प किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीच्या बाजूला राहणाऱ्या बाळांच्या आयांनी ३९ लाच निघायचं, आणि कुणी कुणाच्या घरी जायचं हे जूनमध्येच ठरवून ठेवायचं. पिशवीत तीन दिवसांचे तयार डायपर (धुवायला पाणी नसतं), प्लास्टिकच्या पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड, लिटरभर पाण्यात मिसळायची ओआरएसची पाकिटं, बाळाचं चालू औषध, दोन दुपटी, टॉर्च. अंगावर पिणाऱ्या बाळाला पाण्याची बाटली लागत नाही, पण त्याच्या आईला लागते. ती दोन-तीन लिटरची, उकळून गार केलेली, वेगळी भरून ठेवावी. डब्याचं दूध पिणारं बाळ गटात असेल तर त्याचा न फोडलेला एक डबा आणि उकळायचं पातेलं ज्या घरात सगळ्या जमणार त्या घरी आधीच नेऊन ठेवावं.